शामिरकान आकेंची विजेची घोडी

तर नमदा. काल आपण नमद्यापाशी थांबलो होतो. डिसेंबरातला शनिवार, कोचकोर गाव, दुपारचे चार, शून्याखाली बारा अंशांचा गारठा, आणि शामिरकान आके (आके म्हणजे आपल्याकडचे दादा) आपल्या विजेवर चालणाऱ्या गाडीच्या बोनेटवर घोड्याच्या पाठीवरचा जुना, जाड लोकरीचा नमदा घालत होते. नुसता टाकून मोकळे झाले नाहीत. त्याच्या कडा दोन्ही आरशांच्या मागे खोचल्या, समोरून वारा शिरू नये म्हणून खालची बाजू दोरीनं बांधली, मग मागं सरकून बघितलं आणि एक कोपरा पुन्हा सारखा केला. चार्जिंगच्या खांबाशेजारी चहाचं दुकान चालवणारी जामाल हातात केबल धरून हे सगळं बघत उभी. तिला वाटलं, म्हाताऱ्याला केबल कुठं लावायची ते ठाऊक नसेल, म्हणून तिनं गाडीच्या कुशीतलं झाकण बोटानं दाखवलं. आकेंनी तिचा हात अलगद बाजूला केला.

"पोरी, घोडी आत्ता घाट उतरून आलीय. अंग तापलंय तिचं. तापलेल्या जनावरापुढं कुणी दाणा ठेवतं का?"

जामालनं घोडे राखले नव्हते, पण दिवसाला दहा-बारा गाड्या तिच्या खांबाला लागायच्या. ती म्हणाली, आके, आत्ता लावा, गाडी गरम आहे तोवर भराभरा पिते, सकाळी गारठली की मला नावं ठेवाल. आके हसले. चहा फार छान करतेस, म्हणाले, आणि दोन पेले रिचवून गाडी हळूहळू, माणसाच्या चालीनं, विहिणीच्या घरी घेऊन गेले. हळू का, तर दौडून आलेल्या घोड्याला एकदम उभं करायचं नसतं, थोडं फिरवून श्वास बसू द्यायचा असतो. पडद्यावर अकरा टक्के दिसत होते. गाडी रात्रभर विहिणीच्या अंगणात राहिली, उपाशी, नमद्याखाली.

आता हा माणूस वेडा नव्हे. नारिन जिल्ह्यात त्या वेळी शर्यतीच्या घोड्यांचं त्यांच्याइतकं कळणारे चार जण नसतील. तीस वर्षं त्यांनी घोडे तयार केले. वीस-वीस किलोमीटरच्या शर्यती, आणि त्या शर्यतींसाठी घोडा महिनाभर आधी हातात घ्यायचा. चरबी झडवायची, अंग सुकवायचं, रोज थोडं पळवून घाम काढायचा. तो घाम लाकडी पट्टीनं निपटून बोटावर घ्यायचा आणि चाखायचा. खारट लागला तर अजून आठ दिवस. पाण्यासारखा लागला की घोडा तयार. शर्यतीच्या आदल्या रात्री घोड्याला अर्धपोटी उभं बांधायचं. भरल्या पोटी घोडा चढ चढत नाही, हे त्यांना स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. पण गुडघे गेले, वय अडुसष्टला पोचलं, शेवटचा घोडा सहा वर्षांपूर्वी विकला, आणि आके भिंतीला टेकून ऊन खात बसणाऱ्यांत जमा झाले. बायको बुबुसारा म्हणायची की माझा नवरा घरात आहे की भिंतीवर टांगलेलं खोगीर आहे, ते मला हात लावून बघावं लागतं.

मग जूनमध्ये मुलगा कुबात ही गाडी घेऊन आला. कुबात तोरुगार्टच्या खिंडीत, चीनच्या सीमेवर, गाड्या सोडवून आणायचं काम करतो. गाडी उंच, पांढरी, पोटाखालून मेंढरू जाईल एवढी उभी. पडद्यावरची अक्षरं सगळी चिनी. आकडे मात्र वाचता येण्यासारखे, आणि आके पहिल्या दिवसापासून आकड्यांवरच चालले. पुढच्या चाकांना एक मोटर, मागच्यांना एक. कुबात म्हणाला, बाबा, बेतानं दाबा, शंभरचा वेग पाच सेकंदांत घेते.

बेतानं म्हणजे किती, ते दुसऱ्या दिवशी कळलं. बुबुसारा सायीचा पाच लिटरचा डबा मांडीवर घेऊन बाजाराला निघाली होती. आपल्या गावाच्या, ताश-बुलाकच्या, वेशीबाहेर रस्ता सरळ झाला आणि आकेंनी पाय जरा खाली नेला. आवाज नाही, धक्का नाही, गिअर नाही. पॉप्लरची झाडं तेवढी मागं पळाली, आणि साय डब्यातून उठून बुबुसाराच्या रुमालावर, गळ्यात, बाहीत, मागच्या काचेपर्यंत गेली. पाऊण किलोमीटर गाडी तशीच गेली. मग बुबुसारा म्हणाली, "म्हातारबा, थांबवा." आकेंनी थांबवली. ती उतरली, चेहरा पुसला, आणि घरापर्यंत चालत गेली. आके मात्र तिथंच बसले होते, दोन्ही हात चक्रावर, आणि तोंडभर हसू. सहा वर्षांनी त्यांच्या बुडाखाली काहीतरी उधळलं होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी तिचं नाव जोर्गो ठेवलं. जोर्गो म्हणजे असा घोडा, की स्वाराच्या हातात काठोकाठ भरलेला वाडगा दिला तरी थेंब सांडू न देता दौडतो. बुबुसारा म्हणाली, सायीला विचारा.

मग काय, भिंत सुटली. पहाटे उठून आके गाडीला फिरवून आणायचे. चढावर किती टक्के खाते, उतारावर किती परत देते, वारा समोरून असला की किती, मागून असला की किती, सगळं तोंडपाठ. उन्हाळ्यात एका पोटात चारशे किलोमीटर सहज जायची. ऑगस्टमध्ये गारव्याचं यंत्र चालवून आल्यावर गाडीखाली पाणी ठिबकायला लागलं, तर आके पालथे पडले, बोट ओलं केलं आणि चाखलं. शेजारचा एशिम नेमका फाटकात उभा होता. हा एशिम पंचवीस वर्षांची जर्मन पेट्रोल गाडी चालवतो, नारिन ते कोचकोर उतारू नेतो-आणतो, आणि जिभेला हाड नाही. त्यानं विचारलं, "काय म्हणतो घाम, आके?" आके तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "पाण्यासारखा. तयार आहे." ते वाक्य एशिमनं तीन गावांत पोचवलं. तेव्हापासून तो गाडीला चाकं लावलेला मोबाइल म्हणायला लागला, आणि म्हणायचा की उन्हाळ्यात कुणीही पळेल, दोलोनच्या घाटात थंडीत बघू.

दोलोन म्हणजे तीन हजार मीटरची खिंड, कोचकोर आणि आमच्या बाजूच्या मधोमध. ताश-बुलाकहून कुठंही जायचं तर ती पार करावी लागते. थंडीत गाडीचं पोट आक्रसतं हे आकेंनाही दिसत होतं. नोव्हेंबरात चारशेचे तीनशे झाले, डिसेंबरात दोनशे तीस. आके ते कुणाला सांगायचे नाहीत. पण बुबुसाराला आकडे वाचता येत होते.

तिचा जीव घोड्यांत होता. तीन दुभत्या घोड्या घ्यायच्या, उन्हाळ्यात त्यांच्या दुधाचं आंबवलेलं कुमिस विकायचं, हे तिच्या मनात तीन वर्षांपासून घोळत होतं, आणि तेवढ्या किमतीचं धूड अंगणात बिनदुधाचं उभं होतं. तर डिसेंबर आला, घरोघर हिवाळ्यासाठी घोडा कापायचे दिवस आले. त्या मांसाचं पहिलं जेवण सोयऱ्यांना घालायचं, आणि या वर्षी बोलावणं होतं कुबातच्या सासूबाईंना, कालिपाबाईंना, कोचकोरहून. मांस दोन वाजता पानात पडणार. विहिणीच्या पुढ्यात मानाचं हाड पडल्याशिवाय बाकी पन्नास जण सुरीला हात लावणार नाहीत. कुबात सीमेवर अडकलेला. बुबुसारानं सगळ्यांच्या देखत विषय काढला. विहीणबाईंना आणायला म्हातारबा त्यांच्या जोर्गोनं जातील, म्हणाली. दोनच्या आत, कुणाच्या दोरीला न लागता दोलोन ओलांडून आणलं, तर गाडीबद्दल मी पुन्हा शब्द काढणार नाही. गाडी वाटेत बसली तर सोमवारी ती विकायची आणि तीन घोड्या आणायच्या. आकेंनी जागच्या जागी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

आणि मग त्यांनी, ज्या हातांनी तीस वर्षं घोडे जिंकवले त्याच हातांनी, शुक्रवारी काय करावं? घरच्या प्लगला लावलेली गाडी साठ टक्क्यांवर काढली. पोट हलकं ठेवलं. घाट चढायचाय ना.

म्हणून कोचकोरला पोचताना अकराच टक्के उरले होते, आणि म्हणून तो नमदा.

रविवारी सकाळी आठला आके गाडी खांबापाशी घेऊन आले. बाहेर शून्याखाली बावीस. गाडीचं अंग दगडासारखं गार, नीट निवलेलं, आकेंच्या मनासारखं. अंगणात उभ्या उभ्या दोन टक्के कुठं गेले कळलं नव्हतं, नऊ राहिले होते. जामालनं केबल लावली. खांबावर आकडा उमटला: चार किलोवॉट. काल त्याच खांबावर एक टॅक्सी चाळीसनं पीत होती. आकेंनी केबल काढून पुन्हा लावली. चार. खांबानं हिशेब करून सांगितलं, पोट भरायला अकरा तास.

जामालनं आकड्याकडं बघून नुसती मान हलवली, आणि तेच आकेंना जास्त लागलं. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "गारठली म्हणून?" ती म्हणाली, "गारठली म्हणून. गार बॅटरी घासच घेत नाही, आके. हिला तापवायचं बटण असतं आत, पण ते चिनीत कुठं लपलंय ते मला नाही सापडायचं." दोघांनी पडद्यावर पंधरा-वीस ठिकाणी बोटं लावून बघितली. एकदा खुर्ची मागं गेली, एकदा छतातला दिवा जांभळा झाला, आणि एका बाईचा आवाज चिनीत काहीतरी समजावून सांगू लागला तो बंद होईना.

एवढ्यात कालिपाबाई आल्या. सत्तरीच्या, अंगानं भरलेल्या, पूर्वी दूध संकलन केंद्राच्या मुख्य. डोक्याला पांढरा रुमाल, अंगावर मेंढीचा कोट. बरोबर भाचा, त्याच्या हातात बोर्सोकची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, पिशवी, दोन गाद्या, घोड्याच्या बरगड्यांचं गाठोडं आणि पायात दोरी बांधलेली एक जिवंत मेंढी. विहीण रिकाम्या हातानं येत नाही, हे आकेंना माहीत होतं. पण त्यांची नजर मेंढीवर खिळली. पन्नास किलो. घाटात एक टक्का तर नक्की. मेंढी नको म्हणणं म्हणजे सोयरीक नको म्हणण्यासारखं, तेव्हा त्यांनी स्वतःच मागचं दार उघडलं, मेंढीला आत घेतलं आणि म्हणाले, चांगली गरगरीत आहे.

कालिपाबाईंनी खांबाकडं बघितलं, आकेंच्या चेहऱ्याकडं बघितलं, आणि दोन प्रश्नांत सगळं काढून घेतलं. पैज, साठ टक्के, नमदा, सगळं. मग म्हणाल्या, दूध गोठलं तर आम्ही डबा हलवायचो. हे असंच कसं बसून राहायचं?

आके गाडीचं दार धरून उभे होते. मला विचाराल तर त्या क्षणी तो माणूस दहा वर्षं तरुण झाला. शर्यतीच्या सकाळी, सूर्य वर यायच्या आधी, घोड्याला एकदा दौडवतात. लांब नाही, पण जोरात, थांबवून, पुन्हा जोरात. अंग तापेपर्यंत, मानेवर घाम फुटेपर्यंत. ही गोष्ट त्यांना कालपासून आठवली नव्हती, कारण कालपासून ते नुसते निववण्याच्या मागं होते. त्यांनी केबल काढली. जामालला म्हणाले, अर्ध्या तासात येतो, खांब दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. कालिपाबाईंना म्हणाले, विहीणबाई, तुम्ही चहा घ्या, मी हिचा घाम काढून आणतो.

"मी कशाला चहा घेऊ? मीही बसते," असं म्हणून कालिपाबाई पुढच्या खुर्चीत बसल्यासुद्धा.

कोचकोरच्या बाहेर बालिक्चीच्या दिशेनं एक सरळ पट्टा आहे. दोन्हीकडं बर्फ, मधे कोरडा काळा रस्ता, रविवारी सकाळी चिटपाखरू नाही. आकेंनी दोन्ही हात चक्रावर ठेवले, बिस्मिल्ला म्हटलं आणि पाय खाली नेला, या वेळी जरा नव्हे, पार तळापर्यंत. कालिपाबाईंचं डोकं मागं उशीला जाऊन टेकलं, रुमाल कपाळावरून वर सरकला, मागं मेंढी घसरत जाऊन गाद्यांवर आदळली. शंभर. लगेच ब्रेक. बाई पुढं, पट्ट्यानं धरल्या. पुन्हा तळापर्यंत. पुन्हा ब्रेक. आकेंचा श्वास गाडीबरोबर चालू होता. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा त्यांना शेजारून कसलासा आवाज ऐकू आला आणि त्यांना वाटलं, विहिणीला काही झालं तर तीन घोड्याच काय, तोंड दाखवायची सोय उरणार नाही. वळून बघतात तो बाई हसत होत्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी, आवाजही फुटत नव्हता. रुमाल काढून मांडीवर ठेवलेला. शेवटी कशाबशा म्हणाल्या, "व्याहीबुवा, अजून एकदा. मला आज चाळीस वर्षांनी घोड्यावरून कुणाच्या मागं धावल्यासारखं वाटलं."

म्हणून अजून एकदा. मग मेंढीच्या नावानं एकदा. मग परतताना, तसं कारण नसताना, एकदा. सहा टक्क्यांवर आले तेव्हा आकेंना भान आलं. उरलेला रस्ता त्यांनी आकड्यावर डोळा ठेवून काटला, आणि खांबापाशी पोचले तेव्हा पडदा तांबडा झाला होता, पाच.

जामालनं केबल लावली. अकरा. मग अठरा. मग सव्वीस. आके खांबाला नाक लावून उभे. पस्तीसला आकडा पोचला तेव्हा त्यांनी हातमोजा काढून बोनेटवर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि जामालला म्हणाले की काल तू बरोबर होतीस. घोड्यांच्या बाबतीत असं वाक्य त्यांनी कुणाला आजवर म्हटलं नव्हतं. जामालनं त्यांच्या हातात पेला दिला आणि म्हणाली, आज चहाचे पैसे नाहीत.

बाई खिडकीतून आकडे मोजत बोर्सोक खात होत्या. अकराला दहा कमी असताना अठ्ठावन्न टक्के झाले. जामाल म्हणाली, अजून पंधरा मिनिटं थांबा. आकेंनी मनात गणित केलं: बर्फाचा रस्ता, तीन तास, वर दोनची पंगत. थांबलं तर पोट भरेल पण पंगत हुकेल. ते निघाले.

सारी-बुलाकपाशी चढ सुरू होतो तिथं एशिम त्यांची वाट बघत उभा होता. चार पाहुणे घेऊन तोही त्याच जेवणाला निघाला होता. टपावर नवी कोरी दोरी, निळी, सगळ्यांना दिसेल अशी गुंडाळलेली. त्यानं काच खाली केली, विहीणबाईंना आदबीनं सलाम केला आणि आकेंना म्हणाला, "आके, तुम्ही पुढं व्हा. मी मागं राहतो. माणुसकी म्हणून." आके पुढं झाले.

दोलोनचा चढ तसा अंगावर येणारा नाही, पण संपत नाही. वळण, मग वळण, मग आधीच्याच वळणासारखं वळण. अठ्ठावन्नचे अठ्ठेचाळीस झाले, अठ्ठेचाळीसचे एकेचाळीस. जोर्गो तक्रार न करता चढत होती, ट्रक मागं टाकत होती, एकदा तर एका कोळशाच्या ट्रकला तिनं असं ओलांडलं की आकेंना क्षणभर टक्क्यांचा विसर पडला. पण आकडा विसरू देत नव्हता. चौतीसला त्यांनी हीटर बंद केला आणि बाईंची माफी मागितली. बाई म्हणाल्या, मी लग्न होऊन आले तेव्हा याच घाटातून उघड्या ट्रकवर, कापसाच्या गोण्यांवर बसून आले होते, तुम्ही माझी काळजी करू नका. त्यांनी कोट गळ्यापर्यंत ओढला, एक गादी पायांवर घेतली आणि आकडे वाचायचं काम स्वतःकडं घेतलं. मोठ्यानं वाचायच्या, दुधाची मापं वाचावीत तशा. एकतीस. तीस. एकोणतीस. मेंढीच्या श्वासानं काचा धुरकटल्या, आके बाहीनं पुसत होते. आरशात निळी दोरी. तेवीस. एकवीस. वर बर्फाची भिंत जवळ आली तरी खिंड येईना. आके आता घोड्याशी बोलावं तसं हळू आवाजात गाडीशी बोलत होते, आणि बाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सतरा. सोळा.

खिंडीत पोचले तेव्हा तेरा होते.

वर सगळ्याच गाड्या क्षणभर थांबतात, लोक दुवा मागून तळवे तोंडावरून फिरवतात. आके आणि बाईंनीही फिरवले. एशिम उतरून आला, खिडकीतून आकडा बघितला, आणि टपावरची दोरी सोडून हातात घेतली. अजून पन्नास किलोमीटर होते. त्याच्या गाडीतल्या पाहुण्यांतला एक जण म्हणाला की विहीणबाईंना आमच्यात घ्या, चारचे पाच होऊ. आकेंनी बाईंकडं बघितलं. त्या उतरल्या असत्या तर आकेंना हायसं वाटलं असतं, आणि त्या उतरल्या असत्या तर सगळं संपलं असतं. बाईंनी खिडकीची काच वर केली.

उतार सुरू झाला. आकेंनी पाय वर घेतला. या गाडीला उतारावर ब्रेक लावावा लागत नाही. पाय काढला की तिचीच मोटर उलटी ओढते आणि ओढता ओढता बॅटरीत वीज परत घालते. हे आके उन्हाळ्यात शिकले होते, पण उन्हाळ्यात पोट भरलेलं असायचं, लक्ष कोण देतो. पहिल्या तीन वळणांनंतर बाई म्हणाल्या, "तेरा." मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, "चौदा." आकेंना वाटलं त्यांची चूक झाली. "चौदाच," बाई म्हणाल्या, "मी दुधात कधी पाणी घातलं नाही, आता घालीन का?" मग पंधरा. मग, घाटाच्या पायथ्याशी, सोळा.

आके इतके खूश झाले की त्यांनी गाडी कडेला उभी केली. एशिम मागून आला, त्याला वाटलं बसली, तो दोरी घेऊन धावतच उतरला. आकेंनी त्याला आत डोकावून आकडा बघायला लावला आणि विचारलं, तुझ्या टाकीत वरून खाली येताना पेट्रोल वाढलं का? एशिम आकड्याकडं बघत राहिला. मग परत जाऊन त्यानं खरंच आपला काटा बघितला. पाहुण्यांनी ते पाहिलं, आणि ती गोष्ट आता तो मेल्यावरही लोक सांगतील. आके बाईंना म्हणाले, वेळ असता तर पुन्हा वर जाऊन एकदा उतरलो असतो. बाई म्हणाल्या, त्यात तोटा आहे, व्याहीबुवा, हिशेब करा. पण त्यांच्याही डोळ्यांत तेच होतं.

सपाटीवर आकडा पुन्हा उतरायला लागला. बारा. नऊ. शेवटचे दहा किलोमीटर आके घोडा चालवावा तसे गेले, कुठं ढाळ आहे, कुठं वारा पाठीशी आहे, कुठं रस्ता ओला आहे, सगळं बघत. दोनला आठ मिनिटं कमी असताना जोर्गो ताश-बुलाकच्या फाटकातून आत आली. चार टक्के. मेंढी स्वतःच्या पायांवर उतरली. पन्नास माणसं बाहेर आली, आणि मागून दोरी गुंडाळत एशिम.

बुबुसारानं विहिणीला मिठी मारली, आत नेलं, मानाच्या जागी बसवलं. मांस आलं, मानाचं हाड कालिपाबाईंच्या पुढ्यात पडलं, सुऱ्या निघाल्या. आणि बाई, हाड हातात घेण्याआधीच, बोलायला लागल्या. त्यांचा काही हेतू नव्हता. त्या नुसत्या खूश होत्या. नमदा सांगितला, चार किलोवॉट सांगितले, जांभळा दिवा, चिनी बाई, सरळ रस्त्यावर रुमाल कसा उडाला तेही, आणि मग, व्याहीबुवांची करामत म्हणून, शुक्रवारी साठ टक्क्यांवर गाडी काढून पोट हलकं ठेवल्याचंही सांगितलं. पंगतीला हसता हसता खोकला लागला. एशिमला पाणी द्यावं लागलं. आके मांसाकडं बघत बसले.

बुबुसारा चहाची किटली घेऊन उभी होती. तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग किटली खाली ठेवली.

"म्हणजे गाडी हरली नाही," ती म्हणाली. "माझा शब्द शब्द आहे, मी तो मोडणार नाही. पण हे मला सांगा, म्हातारबा. गाडी जात होती, तिला उपाशी ठेवलं कुणी? तुम्ही. गारठवली कुणी? तुम्ही. पुढच्या खेपेला जामाल नसेल, विहीणबाई नसतील. तीन घोड्या असत्या तर हे झालं असतं का? घोड्यांचं तुम्हाला खुरापासून आयाळीपर्यंत कळतं. मी जबरदस्ती करत नाही. तुम्हीच सांगा, घोड्या आणायच्या की ही ठेवायची?"

सुऱ्या थांबल्या. एशिमसुद्धा खोकायचा थांबला. आकेंनी हात पुसले, बायकोकडं बघितलं, आणि कितीतरी वर्षांत दिसलं नव्हतं असं पोरासारखं हसू त्यांच्या दाढीत पसरलं. ते म्हणाले:

"घोड्यांचं मला सगळं कळून झालंय, म्हातारे, सकाळी उठून शिकायला काही उरलेलं नाही. हिचं मात्र मला अजून काहीच कळत नाही. राहू दे."